डाव्या हाताची पकड

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणतात. चारुशीला खटावकरच्या घरी घोडं धाडलं ते दिरानं, टोरांटोहून, थर्मोकोलच्या खोक्यात घालून. खोक्यात साबणाच्या वडीएवढा एक कॅमेरा होता आणि सोबत एक चिठ्ठी. 'वहिनी, हा आईच्या चेहऱ्यासमोर दीड फुटावर बसवा. अजिबात हलता कामा नये. बाकी सगळं तो बघेल.'

बाकी सगळं म्हणजे काय, हे हेमंतला टोरांटोतून दिसत नव्हतं. दर दोन तासांनी आईंची कूस बदलणं, पाठीला पावडर, भरवणं, पुसणं, चादरी, औषधं, पुन्हा कूस. गेली दोन वर्षं चार महिने हे सगळं चारुशीला बघत होती. सासूबाई इंदुमती चौऱ्याऐंशीच्या. अर्धांगाच्या झटक्यात उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ऐकू मात्र सगळं यायचं, कळायचंही सगळं. पलंगाच्या लोखंडी कठड्यावर डाव्या हाताचं बोट एकदा वाजवलं की हो, दोनदा वाजवलं की नाही, एवढ्यावर त्यांचा संसार चालला होता. चारुशीलाचा नवरा दत्तप्रसाद साखर कारखान्याच्या ऑफिसात. सकाळी आठला जायचा, संध्याकाळी सातला यायचा, चपला काढता काढता "आई कशी आहे?" विचारायचा. माणूस वाईट नव्हता. पण दारात विचारायचा त्याचा प्रश्न एकच होता.

कॅमेऱ्याचं शास्त्र हेमंतनं स्पीकरवर टाकलेल्या फोनवरून समजावलं. तो शिकवण्यात हुशार होता, लांबून.

"वहिनी, हृदयाचा ठोका पडला की रक्ताची एक लाट चेहऱ्यापर्यंत येते. त्या क्षणी कातडी किंचित तांबूस होते, मग परत फिकी. आपल्या डोळ्याला हे कळत नाही, पण या कॅमेऱ्याला कळतं. दोन लाटांमधलं अंतर मोजून तो नाडी सांगतो, आणि ती अनियमित झाली तर लगेच माझ्या फोनवर लाल खूण. अंगाला वायर नाही, काही नाही."

"आणि आईंचे कपडे बदलताना?" चारुशीलानं विचारलं. कॅमेरा हा शब्द ऐकल्यापासून पलंगावरून दोन-दोन टकटक चालू होती.

"चित्र कुठेच जात नाही. साठवलंही जात नाही. समोर जी कातडी दिसेल तिची नाडी मोजायची आणि फक्त आकडे पाठवायचे. आई आहे की आणखी कोणी, हेसुद्धा त्याला कळत नाही."

इंदुमतीबाईंनी थोडा विचार केला आणि एकदा टकटक केली.

"फक्त एक आहे," हेमंत म्हणाला. "पंख्याच्या वाऱ्यानं कॅमेरा केसभर डुलला तरी त्याला तो ठोकाच वाटतो. म्हणून कॅमेरा धरायला चांगला आर्म घ्या. आणि वहिनी, महिनाभर बघू. तीनदा लाल खूण आली तर मात्र आईला पुण्याच्या शुश्रूषा केंद्रात हलवायचं. तिथं डॉक्टर दिवसरात्र असतात. दादाशी बोललोय मी."

चारुशीलानं ऐकून घेतलं. झटका आल्यानंतर दवाखान्यात सासूबाईंच्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली होती, तुम्हाला परक्या हातात देणार नाही. तो शब्द तिला आता जड झाला होता. कधीकधी, दुसऱ्यांदा चादर धुताना, पुण्याच्या त्या केंद्राचं नाव तिला गोड वाटायचं, आणि मग तिला स्वतःची इतकी लाज वाटायची की ती चादर तिसऱ्यांदा धुवायची.

*

कराडात लग्नाच्या फोटोग्राफरांना सामान पुरवणारं फिरोज बागवानांचं दुकान होतं. बागवान साठीचे, कानावर पेन्सिल, बोलणं सावकाश.

"कशाला लावायचाय ताई? टेबलाला, खिडकीला?"

"पलंगाच्या कठड्याला. गोल पाइप आहे."

"किती जाड?"

चारुशीलानं अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवलं. रोज दहादा धरलेला पाइप होता, तिला मोजपट्टीची गरज नव्हती. बागवानांनी मान डोलावली आणि एक काळा आर्म काउंटरवर ठेवला. एका टोकाला रबर लावलेला क्लॅम्प, दुसऱ्या टोकाला कॅमेऱ्याचा स्क्रू, मध्ये कोपर आणि कोपराला मोठा नॉब.

"लोक लांबी बघून आर्म घेतात आणि फसतात," ते म्हणाले. "जेवढा लांब तेवढा डुलणार. तुम्हाला पुरेल त्याच्यापेक्षा एक वीतसुद्धा जास्त घेऊ नका. क्लॅम्पचा जबडा पाइपवर पूर्ण बसला पाहिजे, नुसता दातात धरल्यासारखा नको. आणि हा नॉब. एकच नॉब तिन्ही सांधे आवळतो आणि तिन्ही सैल करतो. म्हणून सैल करताना दुसऱ्या हातानं कॅमेरा धरायचा. नाहीतर हा मान टाकतो."

"दोन हात लागणार म्हणजे."

"दोन लागणार. नॉब कुठल्या अंगाला ठेवू? घरात डावरं कोणी आहे का?"

"मी आहे," चारुशीला म्हणाली. असं कोणी विचारल्याला बरीच वर्षं झाली होती.

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी तिनं पंगतीत डाव्या हातानं पोळी वाढली होती. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "आमच्यात डाव्या हातानं वाढत नाहीत." त्यानंतर तीस वर्षं तिचा डावा हात वाढताना पदर धरून मागे राहिला. मग झटका आला आणि इंदुमतीबाईंकडे फक्त डावाच हात उरला. घास डाव्या हातानं घ्यायचा म्हटल्यावर बाई दोन दिवस तोंड मिटून पडून राहिल्या, डोळ्यांतून पाणी. तिसऱ्या दिवशी चारुशीला स्वतःचं ताट घेऊन समोर बसली आणि डाव्या हातानं जेवायला लागली. बराच वेळ तिच्याकडे बघून इंदुमतीबाईंनी डावा हात भाताकडे नेला. यावर दोघींमध्ये पुढे कधी टकटकसुद्धा झाली नाही.

पलंगाची उजवी बाजू भिंतीला होती, त्यामुळे आर्म डाव्या कठड्यालाच बसला. चारुशीलानं नॉब डाव्या हाताला सोयीचा ठेवला आणि पंखा बंद करून, चालू करून, पुन्हा बंद करून कॅमेरा सासूबाईंच्या चेहऱ्यासमोर स्थिर केला. नाडी सापडली की भिंगाशेजारी हिरवा दिवा लागायचा. तो लागला. फोनवर बहात्तर आकडा आला. टोरांटोहून अंगठा आला.

*

पाच दिवस बरे गेले. सहाव्या दिवशी दुपारी चारुशीलाचा डोळा लागला. दुपारी चारचा अर्धा तास तेवढा तिचा होता. आईंना चहा चमच्यानं पाजून झाला की ती स्वतःचा कप घेऊन पलंगाशेजारच्या वेताच्या खुर्चीत बसायची. ती सासऱ्यांची खुर्ची. आप्पा गेले तेही तिच्यातच. चहा पहिल्यांदा गरम असायचा म्हणून ती त्यावर बशी झाकायची आणि एक मिनिट डोळे मिटायची. ते मिनिट लांबायचं. उठल्यावर गार चहा एका घोटात पिऊन ती पुढच्या कामाला लागायची. अलीकडे उठताना छातीत एखादा मासा उलटल्यासारखं व्हायचं आणि कठडा धरून थोडं उभं राहावं लागायचं. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून ती पदर खोचायची.

त्या दिवशी उठून बघते तर कॅमेऱ्यानं मान टाकलेली. भिंग खाली, आर्म लोंबकळतोय, दिवा बंद. तिनं पुन्हा सगळं आवळलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी पुन्हा. हेमंतचा फोन आला, "वहिनी, दुपारी आकडेच येत नाहीत. तुम्ही नीट आवळत नाही का?"

आर्म पिशवीत घालून ती बागवानांकडे गेली. त्यांनी तो काउंटरला लावला, टोकाला दोन किलोचं वजन टांगलं, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला बॅटऱ्या दाखवून परत आले. वजन होतं तिथंच होतं.

"ताई, हा आपोआप पडणारा नाही. कोणीतरी नॉब फिरवतंय."

"घरात मी आणि सासूबाई. त्या अंथरुणाला खिळलेल्या."

बागवानांनी काळा आर्म बाजूला ठेवला. मग त्यांनी कपाटातून एक पांढरा आर्म काढला. त्याला नॉबच नव्हता.

"हा नवीन निघालाय. सांध्यांत एक द्रव भरलेला असतो. त्याच्यातून बारीक वीज सोडली की द्रव घट्ट होतो, थिजलेल्या तुपासारखा, आणि सांधा जागच्या जागी धरतो. माणसाचा हात आर्मला लागला की वीज थांबते, द्रव पातळ होतो, हलवा तिकडे हलतो. हात काढला की पुन्हा घट्ट. मान टाकायचा प्रश्नच नाही. आणि एका हाताचं काम." थोडं थांबून त्यांनी जोडलं, "माणसाचा हात लागल्याशिवाय मात्र हा हलत नाही. कंपनी तशी लिहूनच देते."

चारुशीलानं तो घेतला. घरी लावताना तिनं सगळं मोठ्यानं बोलून दाखवलं, कारण दिवसभर घरात बोलायला दुसरं कोणी नव्हतं. "बघा आई, नुसता हात लावायचा आणि फिरवायचा. एका हातानं. सोडला की राहतो."

इंदुमतीबाई लक्ष देऊन बघत होत्या. त्यांनी एकदा टकटक केली.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी साडेचारला फोन वाजला. टोरांटोत सकाळचे सात.

"वहिनी, लाल खूण आलीय! आईचे ठोके वेडेवाकडे पडतायत. दोन जवळ, एक लांब, मग एक गळालेला. वीस मिनिटं! तुम्ही होतात कुठं?"

"इथंच, खुर्चीत." ती दचकून उठली. कॅमेरा आईंच्या चेहऱ्यासमोर शांत उभा होता, हिरवा दिवा, फोनवर चौऱ्याहत्तर. आईंच्या कपाळावर मात्र घाम होता आणि श्वास लागला होता.

डॉक्टर शिंगटे संध्याकाळी आले, त्यांनी कार्डिओग्राम काढला. "नाडी घड्याळासारखी चाललीय. आजींना अजून दहा वर्षं काही होत नाही." आजींनी दोनदा टकटक केली, पुन्हा दोनदा, पुन्हा दोनदा. कठडा वाजतच राहिला. डॉक्टर हसले. "दहा वर्षं नको म्हणतात वाटतं." सगळे हसले, चारुशीलाही. इंदुमतीबाईंनी डोळे मिटून घेतले.

चार दिवसांनी दुसरी लाल खूण आली. तीच वेळ, तोच वेडावाकडा ठेका. डॉक्टर पुन्हा आले आणि पुन्हा काही सापडलं नाही. त्या रविवारी हेमंतनं दत्तप्रसादलाही फोनवर घेतलं.

"मी कंपनीशी बोललो. आर्मच्या आत नोंद असते. दोन्ही दिवशी चार वाजता आर्म हलवला गेलाय, आणि अर्ध्या तासानं परत जागेवर आणलाय. माणसाच्या हातानं. वहिनी, राग मानू नका. दुपारी तुम्ही कॅमेरा हलवता का? झोप लागते, आईकडे बघणं होत नाही, ते आकड्यांत दिसू नये म्हणून..."

चारुशीलानं नवऱ्याकडे पाहिलं. दत्तप्रसाद खाली मान घालून चष्मा पुसत होता. "तसं नसेल रे," तो म्हणाला, तेही अगदी हळू.

तिला राग आला नाही. रागालाही अंगात थोडी ताकद लागते. तिला फक्त खूप दमल्यासारखं वाटलं, आणि वाटलं, येऊ दे तिसरी खूण. एकदाची येऊ दे.

*

मंगळवारी दुपारी तिनं चहावर बशी झाकली, खुर्चीत बसली आणि डोळे मिटले. आज झोप येत नव्हती. हेमंतचं बोलणं कानात होतं. पाच मिनिटं गेली असतील. कठड्यावर नखाचा आवाज झाला, खरवडल्यासारखा. तिनं पापण्या किलकिल्या केल्या.

इंदुमतीबाईंचा डावा हात पांघरुणातून बाहेर आला होता. तो कठड्यावरून बोट-बोट सरकत आर्मपर्यंत गेला. तिथं थोडा थांबला, कारण बाईंना दम लागला होता. मग पाच सुरकुतलेली बोटं पांढऱ्या आर्मवर बसली, सांधा मऊ झाला, आणि कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यापासून हळूहळू दूर वळला. खिडकीवरून गेला, भिंतीवरच्या कॅलेंडरवरून गेला आणि वेताच्या खुर्चीसमोर थांबला. बाईंनी हात काढला. आर्म घट्ट झाला. भिंगाशेजारी हिरवा दिवा लागला.

चारुशीलानं डोळे उघडले.

"आई, हे काय करताय?"

इंदुमतीबाई चोरी पकडल्यासारख्या दचकल्या नाहीत. सून जागी झाली यानं त्यांना सुटल्यासारखंच वाटलं असावं. त्यांनी बोट उचलून आधी खुर्चीकडे केलं. मग स्टुलावरच्या कपाकडे, त्यावर झाकलेल्या बशीकडे. मग पुन्हा खुर्चीकडे. डोळे भरले होते.

चारुशीलाला कळायला वेळ लागला. मग एकदम कळलं. आप्पा गेले त्या दुपारी त्यांचा डोळा लागलाय असं समजून आईंनीच त्यांच्या चहावर बशी झाकली होती. गार होऊ नये म्हणून. आवाज होऊ नये म्हणून टाचा उचलून चालत होत्या. तासाभरानं बशी काढली तेव्हा चहावर साय धरली होती, आणि आप्पांचा हात त्याहून गार होता. त्यानंतर बरीच वर्षं त्या घरात चहावर बशी कोणी झाकली नव्हती, आणि चारुशीला ती गोष्ट कामाच्या रगाड्यात विसरून पुन्हा झाकायला लागली होती.

दोन वर्षं आई पडल्या-पडल्या तिच्याकडेच बघत होत्या. कूस बदलून झाल्यावर छाती धरून उभी राहणारी सून त्यांना रोज दिसत होती. तोंडानं सांगता येत नव्हतं. टकटक केली की लोक हसत होते. आणि मग समोर कॅमेरा आला, जो कोणाचा चेहरा हे न विचारता नाडी मोजतो. पहिल्या आर्मला दोन हात लागत होते, बाईंकडे एकच होता, म्हणून तो मान टाकत राहिला. नव्याला एकच हात पुरला, आणि मोजून झालं की त्या कॅमेरा परत आपल्याकडे वळवत होत्या.

चारुशीलानं फोन उचलून पाहिलं. लाल खूण. दोन ठोके जवळ, एक लांब, एक गळालेला. तिचे.

तिच्या मनात पहिल्यांदा आलं, आई ठीक आहेत. मग आलं, उद्याचा स्वयंपाक कोण करणार. आणि त्यानंतर भीती आली, ती सगळ्यात शेवटी, रांगेत मागे उभी राहिल्यासारखी.

फोन हातातच वाजला.

"वहिनी, तिसरी," हेमंत म्हणाला. "आर्म पुन्हा हललाय, आणि खूणही पुन्हा आलीय. आता खरं सांगा. तुम्ही हलवला असेल तर हे आकडे मी धरत नाही, विषय संपला. नसेल तर मी आत्ता पुण्याला फोन करतो."

किती सोपं होतं. मीच हलवला म्हणायचं, दिराची दोन वाक्यं ऐकून घ्यायची, कॅमेरा परत वळवायचा. आई घरात राहतील. शब्द राहील. सहा वाजता कूस बदलायची वेळ होतीच. चारुशीलानं घसा साफ केला.

"भाऊजी, तो मीच..."

खण्णकन आवाज झाला. इंदुमतीबाईंनी डाव्या हातानं स्टुलावरची बशी उडवली होती. स्टीलची बशी फरशीवर गरगरत राहिली. आणि मग कठडा वाजायला लागला. दोनदा, दोनदा, दोनदा. बोटानं नाही, मुठीनं.

"काय पडलं? आई बरी आहे ना?"

चारुशीलानं पायानं बशी थांबवली.

"आई बऱ्या आहेत," ती म्हणाली. "भाऊजी, ती नाडी आईंची नाही. माझी आहे. तिन्ही वेळा माझीच होती. कॅमेरा आईंनी वळवला. मला बरेच दिवस बरं नाही. मी... मी फार दमलेय हो."

एवढं बोलून ती खुर्चीत बसली, कॅमेऱ्यासमोर. पलीकडून हेमंतचा आवाज आला, खाली उतरलेला.

"उठू नका. दादाला मी कळवतो, शिंगट्यांना आत्ता लावतो. आईचं बघू आपण, पुणं म्हणा, मी येतो म्हणा, ते नंतर बघू. तुम्ही फक्त बसा. वहिनी, डॉक्टर वय विचारतील." तो अडखळला. "तुमचं वय काय?"

आईंचं वय घरात सगळ्यांना पाठ होतं, औषधवाल्यालासुद्धा. चारुशीलाला स्वतःचं आठवायला बोटं मोजावी लागली.

"सत्तावन्न."

तिनं फोन मांडीवर ठेवला. सवयीनं तिचा हात आर्मकडे गेला, कॅमेरा आईंकडे परत वळवायला. पण तिथं आधीच एक हात होता. इंदुमतीबाईंनी आर्म धरून ठेवला होता, डाव्या हातानं, आणि डॉक्टर दारातून आत येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.